पुरावा साखळीवर, वस्तू कुणाकडे?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते पेशाने ग्रंथपाल होते. त्यामुळे आजचा विषय नावाने परका वाटला तरी त्यांच्या कामाशी त्याचं नातं जवळचं आहे. ब्लॉकचेनवर चालणाऱ्या व्यवहारांची माहिती प्रत्यक्षात ठेवायची कुठे, ती सांभाळायची कुणी आणि सांभाळणाऱ्याला पैसे कुणी द्यायचे, हा तो विषय. ब्लॉकचेनबद्दल आपल्याकडे बोललं जातं ते दोनच सुरांत. एक तर बिटकॉइनचा भाव कुठे पोचला. नाहीतर ‘एकदा नोंद झाली की ती ब्रह्मदेवालाही पुसता येणार नाही’. पहिल्याशी मला आज कर्तव्य नाही. दुसऱ्यात अर्धं खरं आहे आणि उरलेलं अर्धं दिशाभूल करणारं आहे. कुठलं अर्धं कोणतं, एवढंच आज पाहू.

सुरुवात एका विक्रीपासून करतो. ११ मार्च २०२१ रोजी क्रिस्टीज या लिलावसंस्थेत ‘बीपल’ या नावाने काम करणाऱ्या अमेरिकी चित्रकाराचं एक डिजिटल चित्र ६ कोटी ९३ लाख डॉलरना विकलं गेलं. रुपयांत सांगायचं तर त्या वेळच्या दराने सुमारे ५०० कोटी. त्याने रोज एक याप्रमाणे केलेल्या पाच हजार चित्रांचं ते एकत्रित चित्र होतं. घेणारे गृहस्थ मूळचे तमिळनाडूचे, विघ्नेश सुंदरेशन. त्यांच्या नावे इथेरियम या ब्लॉकचेनवर एक टोकन, म्हणजे मालकीची डिजिटल नोंद, झालं. बातम्यांतून सगळ्यांचा समज झाला की चित्र ब्लॉकचेनवर आहे. तसं ते नव्हतं, आणि असणं शक्यही नव्हतं.

का शक्य नव्हतं, ते हिशेबानेच बघू. लिलावाच्या यादीत त्या फाइलचा आकार दिला होता: ३१ कोटी ९१ लाख ६८ हजार ३१३ बाइट, म्हणजे सुमारे ३१९ मेगाबाइट. इथेरियमच्या कायमच्या स्मृतीत माहिती लिहायची तर ती ३२ बाइटच्या कप्प्यांत लिहावी लागते आणि प्रत्येक नव्या कप्प्यासाठी सुमारे २०,००० गॅस लागतो. गॅस हे तिथल्या कामाचं मोजमाप. या चित्राला ९९ लाख ७४ हजार कप्पे लागले असते आणि सुमारे १९,९४८ कोटी गॅस. पुढे २०२२ ते २०२४ या काळात तिथे एका ब्लॉकची, म्हणजे एका वेळी नोंदवल्या जाणाऱ्या व्यवहारांच्या संचाची, मर्यादा ३ कोटी गॅसची होती आणि दर १२ सेकंदांनी एक ब्लॉक तयार होत होता. तेव्हाच्या या वेगानेही चित्राला ६,६०० हून अधिक ब्लॉक लागले असते. याचा अर्थ असा की जगभरातल्या सगळ्या लोकांचे सगळे व्यवहार थांबवून, ती संपूर्ण यंत्रणा जवळजवळ २२ तास फक्त हे एक चित्र लिहीत बसली असती. इथर हे तिथलं चलन आणि ग्वेई हा त्याचा अब्जावा भाग. गॅसचा दर माफक, २० ग्वेई धरला तरी खर्च ३,९९० इथर. माहिती लिहिण्याचे याहून स्वस्त मार्ग तिथे आहेत, पण त्यांनीही गणित बदलत नाही, फक्त एखादं शून्य कमी होतं.

इतकं महाग का? कारण ब्लॉकचेनवर लिहिलेलं प्रत्येक अक्षर, साखळी सांभाळणाऱ्या हजारो संगणकांपैकी प्रत्येकाला वाचावं, तपासावं आणि ठेवावं लागतं. हीच तर तिची ताकद आहे. कुणी एक मालक नाही, सगळ्यांकडे तीच वही आहे, म्हणून कुणा एकाला गुपचूप खाडाखोड करता येत नाही. पण ज्या कारणाने ती विश्वासार्ह होते, त्याच कारणाने ती कोठार म्हणून निरुपयोगी ठरते. हजारो जणांनी राखायची वही लहानच असावी लागते. बिटकॉइनच्या ब्लॉकलाही सुरुवातीच्या काळातच १ मेगाबाइटची मर्यादा घातली गेली होती. सामान्य माणसाच्या संगणकावर साखळी मावेनाशी झाली की ती सांभाळणारे मूठभर उरणार, आणि मग विकेंद्रीकरणाला अर्थ काय राहिला?

म्हणून व्यवहारात काय करतात? साखळीवर टोकनाचा क्रमांक, मालकाचा पत्ता आणि एक दुवा, एवढंच ठेवतात. तो दुवा एका छोट्या मजकुराच्या फाइलकडे नेतो. त्या फाइलमध्ये चित्राचं नाव, वर्णन आणि आणखी एक दुवा असतो. चित्र त्या दुसऱ्या दुव्याच्या टोकाला. मालकी अढळ, पण जिची मालकी ती वस्तू दोन दुव्यांच्या पलीकडे, कुणाच्या तरी यंत्रावर.

ते यंत्र कुणाचं, हा प्रश्न नोव्हेंबर २०२२ मध्ये अनेकांना अचानक पडला. एफटीएक्स हा क्रिप्टोचा मोठा बाजार तेव्हा दिवाळखोरीत गेला. त्याच्या मंचावर तयार झालेल्या अनेक टोकनांचे दुवे त्याच कंपनीच्या सर्व्हरवर जात होते. कंपनी बुडाल्यावर ते दुवे दिवाळखोरीच्या प्रक्रियेची माहिती देणाऱ्या पानाकडे वळले. टोकन जागेवर होतं, मालकाचं नाव जागेवर होतं, साखळीने आपलं काम चोख केलं होतं. चित्राच्या जागी मात्र रिकामी चौकट आली होती.

यात नवल काहीच नाही. इंटरनेटवरचे दुवे मरतातच. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. नेहमीचा दुवा आपल्याला सांगतो तो ठिकाणाचा पत्ता: अमुक यंत्रावर, तमुक कप्प्यात बघा. तिथे आज काय आहे, कालचंच आहे की कुणी बदललं, याची हमी तो देत नाही. यंत्राचा मालक बदलला, बिल थकलं, सरकारने बंदी घातली, की पत्ता पोकळ.

यावर २०१४ साली हुआन बेनेट यांनी एक वेगळी योजना मांडली. तिचं नाव आयपीएफएस. कल्पना साधी आहे: फाइल कुठे आहे ते विचारू नका, फाइल कोणती हवी ते विचारा. पत्ता ठिकाणाला न देता मजकुरालाच द्या. हे कसं घडतं ते जरा जवळून बघू, कारण सगळ्या विकेंद्रित साठवणुकीचा पाया इथे आहे.

फाइल आधी तुकड्यांत कापली जाते. बराच काळ प्रचलित असलेलं तुकड्याचं माप २५६ किलोबाइट. बीपलचं चित्र असं कापलं तर १,२१८ तुकडे होतील. प्रत्येक तुकडा एका गणिती चरकातून काढतात. तुकडा केवढाही असो, चरकातून बाहेर पडतो तो ठरावीक ३२ बाइटचा एक आकडा. त्याला हॅश म्हणतात. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी हा आकडा पार बदलतो, आणि आकड्यावरून मजकूर उलट काढता येत नाही. मग तुकड्यांच्या हॅशांची यादी करून त्या यादीचा हॅश, अशा याद्यांच्या याद्या करत वर जायचं. शेवटी शेंड्यावर एकच हॅश उरतो. राल्फ मर्कल या संशोधकाने १९७९ मध्ये पेटंटसाठी मांडलेली ही रचना त्यांच्याच नावाने मर्कल वृक्ष म्हणून ओळखली जाते. शेंड्यावरचा तो आकडा म्हणजे फाइलचा पत्ता. तो हातात असला की फाइल कुणाकडूनही घ्या, शेजाऱ्याकडून घ्या की शत्रूकडून. आलेल्या तुकड्यांचे हॅश काढून ताडून पाहिले की ती अस्सल आहे की नाही हे आपलं आपल्यालाच कळतं. देणाऱ्यावर विश्वास ठेवण्याची गरजच संपते.

आता ब्लॉकचेनशी याचं कसं जुळतं ते ध्यानात येईल. साखळीवर ३१९ मेगाबाइट मावत नाहीत, पण ३२ बाइट सहज मावतात. चित्र बाहेर ठेवा, त्याचा हॅश साखळीवर. बीपलच्या टोकनाची फाइल आयपीएफएसवरच होती. याच मार्गाने, एप्रिल २०१७ मध्ये तुर्कस्तानने विकिपीडियावर बंदी घातली तेव्हा तुर्की विकिपीडियाची एक प्रत आयपीएफएसवर चढवण्यात आली. बंद करायला ठरावीक सर्व्हरच नव्हता.

इथपर्यंतची गोष्ट उत्साहवर्धक आहे. पण इथेच बहुतेकांची गल्लत होते, आणि माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा तीच गल्लत आहे. आयपीएफएसवर फाइल ‘टाकली’ म्हणजे ती जगभर पसरून अमर झाली, असा समज आहे. प्रत्यक्षात ती असते फक्त तुमच्या यंत्रावर, आणि ज्यांनी ती मागवली त्यांच्या यंत्रांवर काही काळ. जागा कमी पडली की त्यांची यंत्रं ती झाडून टाकतात. फाइल मुद्दाम राखायची असेल तर कुणीतरी ती ‘पिन’ करावी लागते, म्हणजे ‘ही पुसू नकोस’ असं आपल्या यंत्राला बजावावं लागतं. असं बजावणारा एकही उरला नाही की पत्ता शाबूत राहतो, फाइल जाते. पत्ता आता ठिकाणाचा नाही, मजकुराचा आहे. तरीही हाक मारल्यावर ओ देणारं कुणी नाही.

ओळख पटवणं आणि अस्तित्व टिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं गणिताने होतं. दुसऱ्याला माणूस, जागा, वीज आणि पैसा लागतो.

हा फरक आपल्याला परका नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९१९ मध्ये सुरू झालेलं ते काम १९६६ मध्ये पूर्ण झालं. विष्णू सीताराम सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी १,२५९ हस्तलिखितं धुंडाळली. शारदा, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा नाना लिप्यांतली. महाभारत जगलं ते याच विखुरलेपणामुळे. एखादं भांडार जळालं तरी दुसरीकडे प्रत होती. मात्र कुठली प्रत मूळची आणि कुठे लेखनिकाने भर घातली हे सांगणारी खूण कुठल्याच पोथीवर नव्हती. ती ओळख पटवायला विद्वानांच्या पिढ्या खर्ची पडल्या.

आता उलट बाजू. गुणाढ्याची बृहत्कथा. परंपरा तिचं नातं सातवाहनांच्या दरबाराशी, म्हणजे आपल्या पैठणशी जोडते. ग्रंथाचं नाव आपल्याला ठाऊक आहे, कर्त्याचं ठाऊक आहे, पैशाची ही भाषा ठाऊक आहे, सोमदेवाने आणि क्षेमेंद्राने तिच्यावरून रचलेले संस्कृत ग्रंथ हाताशी आहेत. मूळ ग्रंथ मात्र कुठेच नाही. नोंद पक्की आणि वस्तू गहाळ! पोथ्या टिकल्या त्या कुणीतरी नकलून काढल्या म्हणून, आणि नकलणाऱ्याला कुणीतरी पोसलं म्हणून. हा शेवटचा भाग, पोसण्याचा, ब्लॉकचेनवाल्यांना उशिरा सुचला. पण सुचला तेव्हा त्यांनी त्यावर केलेला विचार मात्र खरोखर दाद देण्याजोगा आहे.

आयपीएफएसच्याच मंडळींनी ऑक्टोबर २०२० मध्ये फाइलकॉइन नावाची यंत्रणा प्रत्यक्ष सुरू केली. जगात कुणाचीही रिकामी डिस्क भाड्याने घ्यायची आणि भाडं टोकनांत द्यायचं, असा तो बाजार. अडचण एकच: अनोळखी माणूस हजारो मैलांवरून सांगतो की ‘तुमची फाइल माझ्याकडे सुखरूप आहे’; विश्वास कसा ठेवायचा? लबाडीच्या वाटा बऱ्याच. तीन प्रतींचं भाडं घेऊन एकच प्रत ठेवायची. किंवा एकही न ठेवता, तपासणी आली की दुसऱ्याकडून पटकन मागवून दाखवायची.

यावरचा त्यांचा तोडगा असा. फाइल ३२ किंवा ६४ गिबिबाइटच्या मोठ्या गठ्ठ्यात बांधली जाते आणि त्या गठ्ठ्याला ‘सील’ करतात. सील करणं म्हणजे ठेवणाऱ्याच्या ओळखीशी बांधलेली अशी एक गणिती प्रक्रिया, की तीच फाइल दोघांकडे असली तरी दोघांच्या सीलबंद प्रती अगदी वेगळ्या दिसतात. ही प्रक्रिया मुद्दाम संथ ठेवली आहे. तिला काही तास लागतात. त्यामुळे तपासणीच्या वेळी घाईघाईने प्रत बनवून दाखवणं जमत नाही. मग दर २४ तासांत यंत्रणा गठ्ठ्यातल्या कुठल्याही जागा निवडून विचारते: इथे काय आहे, सिद्ध करा. ठेवणाऱ्याने आधीच अनामत भरलेली असते. उत्तर आलं नाही तर ती कापली जाते. कुठलाही निरीक्षक नाही, फेरफटका नाही, हप्ता नाही. खातं तपासायला कारकून लागत नाही, हे आपल्याकडे ऐकायलाही बरं वाटतं. पण एक मर्यादा लक्षात घ्या. फाइल जवळ आहे हे यातून सिद्ध होतं. मागितल्यावर ती लगेच मिळेल हे सिद्ध होत नाही. शिवाय करार मुदतीचा असतो. मुदत संपली, नूतनीकरण झालं नाही, की जबाबदारी संपली.

मुदतीचा प्रश्न अरवीव्ह या दुसऱ्या यंत्रणेने अंगावर घेतला. ती २०१८ मध्ये सुरू झाली. तिचं म्हणणं: एकदाच पैसे भरा, फाइल किमान दोनशे वर्षं ठेवू. आपल्याकडच्या बहुतेक व्याख्यानमाला, ही धरून, देणगीदाराने ठेवलेल्या कायम ठेवीच्या व्याजावर चालतात. अरवीव्हचा निधी तसाच. भरलेल्या रकमेतला मोठा हिस्सा बाजूला राहतो आणि साठवणाऱ्यांना त्यातून हळूहळू मोबदला मिळतो. फरक एवढाच, की इथे भिस्त व्याजावर नाही. साठवणुकीचा खर्च वर्षानुवर्षं घटत आला आहे, तो यापुढेही थोडा थोडा घटत राहील, या गृहीतावर सारी भिस्त आहे. वर्षाला अर्धा टक्का घट धरली तरी पुरे, असं तिच्या रचनाकारांचं गणित. पण निधी त्यांच्याच टोकनांत आहे आणि टोकनाचा भाव कोसळला तर गणितही कोसळतं. व्याजदर उतरल्यावर व्याख्यानमालांच्या सचिवांची जी ओढाताण होते, तिची कल्पना इथल्या मंडळींना मी काय देणार!

तरीही अरवीव्हचं मोल कळावं असा एक प्रसंग आहे. जून २०२१ मध्ये हाँगकाँगचं ‘ॲपल डेली’ हे दैनिक सरकारी कारवाईमुळे बंद पडलं. २४ जूनला शेवटचा अंक निघाला. संकेतस्थळही जाणार हे दिसत होतं. तेव्हा काही कार्यकर्त्यांनी त्यातले हजारो लेख अरवीव्हवर चढवले. वर्तमानपत्र संपलं, पण त्याने छापलेलं पुसण्यासाठी दार ठोठावावं असं एक कार्यालय उरलं नाही.

तिसरी वाट गणिताची आहे आणि मला स्वतःला ती सर्वांत आवडते. फाइल टिकवायची म्हणजे प्रती वाढवायच्या, हा आपला सहजविचार. तीन प्रती ठेवल्या तर जागा तिप्पट लागते आणि फक्त दोन नुकसानं सोसता येतात. १९६० मध्ये आयर्व्हिंग रीड आणि गुस्टाव्ह सॉलोमन यांनी याहून फार चांगला उपाय शोधला. समजा, आपल्याला ७ आणि १० हे दोन आकडे जपायचे आहेत. आलेख-कागदावर पहिल्या जागी ७ आणि दुसऱ्या जागी १० मांडून त्यांतून एक सरळ रेषा काढा. तीच रेषा पुढे तिसऱ्या जागी १३ देईल, चौथ्या जागी १६, पाचव्या जागी १९. हे पाच आकडे पाच जणांकडे ठेवायला द्या. त्यांतले कुठलेही तीन हरवू देत. उरलेल्या दोघांवरून रेषा पुन्हा काढता येते आणि ७ नि १० परत मिळतात. शाळेतली भूमिती, दुसरं काही नाही. कॉम्पॅक्ट डिस्कवर ओरखडा पडला तरी गाणं अडखळत नसे, ते याच तत्त्वामुळे.

स्टोर्ज ही यंत्रणा हेच करते. तिच्या प्रसिद्ध रचनेत फाइलचा प्रत्येक भाग ८० तुकड्यांत जगभर विखुरतात आणि कुठलेही २९ मिळाले की तो पुन्हा उभा राहतो. जागा लागते पावणेतीन पट, तीन प्रतींहून कमी. नुकसान मात्र ५१ तुकड्यांचं सोसता येतं. शिवाय फाइल आधीच कुलूपबंद केलेली असल्याने कुणाही एका साठवणाऱ्याला त्यात काय आहे हे कळत नाही.

या क्षेत्रात हल्ली आणखी एक प्रवाह आहे, तो थोडक्यात सांगतो. मुख्य साखळीवरचा भार हलका करण्यासाठी हजारो व्यवहार बाहेर उरकून त्यांचा एकत्रित हिशेब साखळीवर मांडायची पद्धत रुळली आहे. तो हिशेब बरोबर आहे का हे कुणालाही तपासता यावं म्हणून मूळ माहिती काही काळ सर्वांसमोर असावी लागते. कायमची नाही, काही काळच. १३ मार्च २०२४ च्या सुधारणेपासून इथेरियमने यासाठी ‘ब्लॉब’ नावाची सोय केली. १२८ किलोबाइटचा एकेक ब्लॉब, सुमारे १८ दिवस ठेवायचा आणि मग टाकून द्यायचा. ब्लॉकचेन म्हणजे सगळं चिरंतन, असं मानणाऱ्यांनी ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी: त्यातल्याच जाणत्यांनी १८ दिवसांत रद्दी काढायची सोय करून घेतली आहे! या प्रवाहात मुंबईचाही धागा आहे. पॉलिगॉन ही आज जगभर माहीत असलेली यंत्रणा २०१७ मध्ये ‘मॅटिक’ या नावाने मुंबईत सुरू झाली. तिची चाचणी-साखळी बरीच वर्षं ‘मुंबई’ याच नावाने ओळखली जायची. तिच्यातून २०२३ मध्ये वेगळी झालेली ‘अव्हेल’ ही संस्था नेमकं हे माहिती उपलब्ध ठेवण्याचंच काम करते.

पॉलिगॉनचं नाव निघालं म्हणून आपल्या घरात येऊ. २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत सुमारे ६५ हजार जात प्रमाणपत्रं पॉलिगॉनवर नोंदवण्याचा उपक्रम जाहीर झाला. प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोड तपासला की ते खोटं नाही हे पटावं, हा हेतू. बनावट जात प्रमाणपत्रांचा आपल्याकडचा इतिहास पाहता हेतू रास्तच. जमिनीचे दस्त, पदव्या, पीक विमा, न्यायालयीन कागद, सगळीकडे अशा योजनांची चर्चा आता होत राहणार. म्हणून दोन धोके स्पष्ट सांगणं मला आवश्यक वाटतं.

पहिला धोका पुसता न येण्याचा. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने नागरिकाला स्वतःची माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसायला लावण्याचा हक्क दिला आहे. मग कुणाची जात, आजार किंवा पत्ता न पुसता येणाऱ्या जागी लिहून ठेवला, तर तो हक्क कागदावरच राहील. ॲपल डेलीला वाचवणारा गुण इथे अवगुण ठरतो. उपाय असा की माहिती कुलूपबंद करून साखळीबाहेर ठेवायची. पुसायची वेळ आली की किल्ली नष्ट करायची.

दुसरा धोका सूक्ष्म आहे आणि तो तज्ज्ञ म्हणवणाऱ्यांच्याही नजरेतून सुटतो. ‘आम्ही माहिती नाही, फक्त हॅश साखळीवर टाकतो, हॅशवरून माहिती उलट काढता येत नाही’ असं सांगितलं जातं. चित्राच्या बाबतीत ते खरं. पण समजा, तुम्ही नुसत्या आधार क्रमांकाचा हॅश टाकलात. आधार क्रमांक बारा अंकी. म्हणजे शक्यता फार तर एक लाख कोटी. ऐकायला आकडा प्रचंड. पण खेळांसाठी विकलं जाणारं चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी हॅश काढतं. सगळे क्रमांक एकेक करून लावून पाहणं हे काही मिनिटांचं काम आहे. उलट काढता येत नाही हे खरं, पण शोधून जुळवता येतं. म्हणून हॅश काढण्याआधी त्यात प्रत्येक नोंदीसाठी वेगळा, गुप्त, यादृच्छिक मजकूर मिसळावा लागतो. एवढी साधी काळजी घेतली की नाही, हे कंत्राट देणाऱ्या अधिकाऱ्याने विचारलंच पाहिजे.

मग विकेंद्रित साठवणूक हवी की नको? माझं मत सांगतो. रोजच्या कामाला, पंचायतीच्या कारभाराला, रुग्णालयाच्या नोंदींना चांगला सर्व्हर, त्याच्या दोन ठिकाणच्या प्रती आणि नेमून दिलेला जबाबदार माणूस पुरेसा आहे. तिथे ब्लॉकचेनचा आग्रह हा बहुतेकदा विकणाऱ्याचा असतो. पण जिथे सांभाळणाऱ्यावरच संशय घ्यायला जागा आहे, जिथे सत्तेला किंवा मालकाला उद्या ते पुसायचा मोह होऊ शकतो, तिथे विखुरलेल्या प्रती आणि साखळीवरचा हॅश यांच्या जोडीला आज तोड नाही. वर्तमानपत्रं, चौकशी अहवाल, निकालपत्रं, मतमोजणीचे तक्ते, भूसंपादनाच्या याद्या यांचा यात समावेश होतो. यांपैकी काहीही खासगी नाही, सगळं लोकांचंच आहे, आणि सगळं गहाळ होण्याचा आपल्याला अनुभव आहे.

शेवटी एक विनंती. तुमच्यापैकी कुणी बँकेत असेल, कुणी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात, कुणी मंत्रालयात, कुणी एखाद्या सहकारी संस्थेच्या संचालक मंडळावर. उद्या कुणी तुमच्यापुढे ब्लॉकचेनची योजना मांडली आणि ‘हे कायमचं राहील’ असं म्हणालं, तर त्याला चार प्रश्न विचारा आणि उत्तरं करारात लिहून घ्या. साखळीवर नेमकं काय आहे, वस्तू की तिचा हॅश? वस्तू कुणाच्या यंत्रांवर आहे आणि ती यंत्रं किती जणांची आहेत? तिचं भाडं किती वर्षांसाठी, कुठल्या निधीतून भरलं आहे? आणि पुरवठादार उद्या बुडाला तर ती फाइल आपली आपल्याला उचलून दुसरीकडे नेता येईल का? चारही उत्तरं समाधानकारक मिळाली तर बेलाशक सही करा. एकाचंही मिळालं नाही, तर तुम्ही पावती विकत घेत आहात, माल नाही, हे ओळखून फाइल परत पाठवा.